कर्नेलच्या दस्तऐवजातले हार्डवेअरचे नाव

महोदय,

मुक्तस्रोत प्रकल्पात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: कोड जमत नसेल तर दस्तऐवजांपासून सुरुवात करा, ते सोपे असते. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांपुरते हे खरेही आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधले (हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्यातले) जे दस्तऐवज चिपच्या आतील हार्डवेअर ब्लॉकांची नावे आणि वर्णने सांगतात, त्यांना हा सल्ला लावू नये. तिथे एक अक्षर चुकले तर कधीकधी यंत्रच सुरू होत नाही, आणि चुकीचे अक्षर एकदा स्वीकारले गेले की पुढे ते सहज काढताही येत नाही. हे काम कोड लिहिण्याइतकेच जोखमीचे आहे. ते तसे समजून शिकवले जावे, म्हणून हे पत्र.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते सांगतो. आजच्या चिपवर प्रोसेसरच्या भोवती डझनावारी स्वतंत्र भाग असतात: सिरीयल पोर्ट चालवणारा यूएआर्ट, आय-टू-सी आणि एसपीआय या बसचे (भागांना जोडणाऱ्या सामायिक तारांचे) कंट्रोलर, टायमर, यंत्र अडकले तर ते पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग, प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा डीएमए, क्लॉक आणि रिसेट सांभाळणारे भाग, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) हाताळणारा कंट्रोलर, डिस्प्ले, व्हिडिओ. यातला प्रत्येक भाग म्हणजे एक ब्लॉक. पीसीआय बसवरचे कार्ड आपली ओळख आपण देते. त्यात १६ बिटांचा उत्पादक क्रमांक आणि १६ बिटांचा उपकरण क्रमांक कोरलेला असतो, कर्नेलने विचारले की उत्तर मिळते. चिपच्या पोटातल्या ब्लॉकांना बहुधा अशी सोय नसते. भलत्याच पत्त्यावर वाचायला गेले तर बस एरर येते, काही चिपांवर सगळे यंत्रच गोठते. त्यामुळे कुठे काय आहे हे कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. ते लिहिण्याची रूढ पद्धत म्हणजे डिव्हाइस ट्री. तिचे मूळ १९९४ च्या आयईईई १२७५ या ओपन फर्मवेअर मानकात आहे. कोणत्या ब्लॉकचे वर्णन कसे लिहायचे, त्यात काय असलेच पाहिजे आणि काय चालणार नाही, हे सांगणाऱ्या दस्तऐवजाला बाइंडिंग म्हणतात. लिनक्समध्ये ती आता यामल स्वरूपातली फाइल असते, म्हणजे माणूस ती वाचतो आणि यंत्र ती तपासते.

या वर्णनाचा कणा म्हणजे 'कम्पॅटिबल' हा गुणधर्म. त्यात सहसा उत्पादकाचा ठरलेला संक्षेप, मग स्वल्पविराम, मग ब्लॉकचे नाव असते. कर्नेल हीच अक्षरमाला जुळवून कोणता ड्रायव्हर (तो ब्लॉक चालवणारा कोड) लावायचा ते ठरवतो. हे वर्णन अनेकदा कर्नेलसोबत येत नाही, बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) राहते. कर्नेल पुढे दहा वेळा बदलेल, फर्मवेअर तेच राहील. आज लिहिलेले नाव उद्याच्या कर्नेलला ओळखता आलेच पाहिजे, आणि उद्याच्या बोर्डवरचे वर्णन शक्य तिथे आजच्या कर्नेललाही समजले पाहिजे. या अर्थाने ते नाव हा करार आहे. ड्रायव्हरमधल्या चलाचे नाव कोणीही कधीही बदलावे. या नावाला तो नियम नाही.

एका अक्षराने काय होते याचे उत्तम उदाहरण १६५५० या जुन्या यूएआर्टचे. मूळ १६५५० मध्ये अक्षरे साठवणारा फिफो होता, पण त्यातल्या दोषामुळे तो भरवशाने वापरता येत नसे. १६५५०ए मध्ये तो दोष गेला आणि १६ बाइटांचा फिफो खरोखर उपयोगी पडू लागला. लिनक्समध्ये 'एनएस१६५५०' आणि 'एनएस१६५५०ए' ही म्हणूनच दोन वेगळी नावे आहेत. शेवटचा 'ए' विसरला तर काहीच मोडत नाही, आणि चूक दडून राहते ती याच कारणाने. सिरीयल पोर्ट चालतो, पण फिफो बंद राहतो. ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक अक्षर १० बिटांचे धरले तर सेकंदाला ११५२० अक्षरे येतात. फिफो नसेल तर तितकेच इंटरप्ट. दोन अक्षरांमध्ये जेमतेम ८७ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसर दुसरीकडे गुंतलेला असेल तर अक्षर गळते. फिफोत ८ बाइट साठल्यावर इंटरप्ट द्यायचा ठरवले तर हाच आकडा १४४० वर येतो. अशी तक्रार आली की लोक केबल बदलतात, बॉडरेट कमी करतात. नाव कोणी तपासत नाही.

उलट बाजूची चूक याहून वाईट असते. सिनॉप्सिसचा डिझाइनवेअर यूएआर्ट अनेक चिपांमध्ये बसवलेला आहे. त्याची रजिस्टरे (ड्रायव्हर वाचतो-लिहितो त्या ब्लॉकमधल्या छोट्या जागा) १६५५० सारखीच दिसतात, त्यामुळे त्याला 'एनएस१६५५०ए' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण हा ब्लॉक कामात असताना लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहिले तर तो ते लेखन टाकून देतो आणि 'मी व्यग्र होतो' असा वेगळा इंटरप्ट उठवतो. ओळख रजिस्टरमध्ये त्याचा आकडा ७. हा इंटरप्ट खाली बसवायचा तर हेक्स (सोळाच्या पायावरच्या मोजणीतल्या) ७सी या ऑफसेटवरचे, म्हणजे ब्लॉकच्या सुरुवातीपासून तितक्या अंतरावरचे, स्थिती रजिस्टर वाचावे लागते. साध्या १६५५० ला ते रजिस्टरच नाही, म्हणून साधा ड्रायव्हर ते वाचत नाही, आणि इंटरप्ट तसाच उभा राहतो. यासाठी 'एसएनपीएस,डीडब्ल्यू-एपीबी-यूएआर्ट' हे वेगळे नाव आहे. दोन ब्लॉकांची रजिस्टरे सारखी दिसतात एवढ्यावर दोघांना एक नाव देऊ नये. वागणूक सारखी आहे का ते मॅन्युअलमध्ये शोधावे, विशेषतः 'व्यग्र असताना', 'रिसेटनंतर' आणि 'एरर आल्यास' या शब्दांच्या आसपास.

मग नव्या चिपमध्ये जुनाच ब्लॉक असेल तर? इथे रीत स्पष्ट आहे आणि ती पाळलीच पाहिजे: दोन नावे द्यावीत, आधी नव्या चिपचे नेमके, मग जुने. ब्रॉडकॉमच्या बीसीएम२७११ या चिपमधल्या आय-टू-सी ब्लॉकला लिनक्समध्ये 'बीआरसीएम,बीसीएम२७११-आय२सी' हे पहिले आणि 'बीआरसीएम,बीसीएम२८३५-आय२सी' हे दुसरे नाव आहे. जुना कर्नेल पहिले नाव ओळखत नाही, तो दुसऱ्यावर चालतो. पुढे नव्या चिपमध्ये वेगळा दोष सापडला, तर ड्रायव्हर पहिल्या नावावरून ती चिप ओळखून उपाय करू शकतो. सुरुवातीलाच फक्त जुने नाव लिहिले असेल तर त्या दिवशी तिला वेगळे ओळखण्याची खूण बोर्डवर उरलेली नसते. 'सध्या काहीच फरक नाही, मग वेगळे नाव कशाला' हा प्रश्न दर वेळी येतो. सध्याच्या फरकासाठी ते नाव नसतेच. दोष सापडायचा असतो, त्यासाठी जागा राखलेली असते.

याच कारणाने नावात 'एक्स' घालून सगळ्या कुटुंबाला एका दावणीला बांधू नये. आज त्या मालिकेत तीन चिपा असतील आणि तिघी सारख्या असतील. उत्पादक चौथी चिप त्याच मालिकेच्या क्रमांकाने काढतो आणि तिच्यातला ब्लॉक सर्वस्वी वेगळा निघतो. मग त्या 'एक्स' चा अर्थ काय लावायचा?

आता अनेकांचा गोंधळ होतो तो मुद्दा. डिव्हाइस ट्रीमध्ये एकाच ब्लॉकला तीन प्रकारची नावे असतात आणि तिन्हींचे काम वेगळे असते. नोडचे (ट्रीमधल्या त्या ब्लॉकच्या नोंदीचे) नाव कार्य सांगते, म्हणून ते सर्वसाधारण असावे: 'सिरीयल', 'इथरनेट', 'वॉचडॉग', 'इंटरप्ट-कंट्रोलर'. तिथे मॉडेलचा क्रमांक नको. कम्पॅटिबल मॉडेल सांगते, तिथे सर्वसाधारण शब्द नको. लेबल हे लिहिणाऱ्याच्या सोयीचे, तिथे चिपच्या मॅन्युअलमधले नाव जसेच्या तसे घ्यावे. मॅन्युअल 'यूएआर्ट३' म्हणत असेल तर लेबलही 'यूएआर्ट३'. काही उत्पादक एकपासून मोजतात, काही शून्यापासून, आणि कर्नेल शून्यापासून. म्हणून 'नीटनेटके करण्यासाठी' लेबलांचे क्रमांक एकाने मागे सरकवू नयेत. पुढच्या माणसाच्या एका हातात मॅन्युअल असेल, दुसऱ्या हातात ही फाइल, आणि त्याचा यूएआर्ट३ हा तुमचा यूएआर्ट२ असेल. क्रमांक पक्का करायचा असेल तर 'एलियासेस' नोड त्यासाठीच आहे. साठवणुकीच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष महागात पडते: ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेली साठवण) आणि एसडी कार्ड यांचे कंट्रोलर ज्या क्रमाने जागे होतात तो क्रम दर वेळी सारखा राहीलच असे नाही, आज जे 'एमएमसीब्लॉक०' आहे ते उद्या १ होते, आणि कर्नेलला रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या मूळ फाइली जिथे असतात ती जागा, सापडत नाही.

संक्षेपांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण मॅन्युअले संक्षेपांनी भरलेली असतात आणि तोच संक्षेप दोन जागी दोन अर्थांनी येतो. 'पीएमयू' घ्या. आर्म या प्रोसेसर रचणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत तो कामगिरी मोजणारा भाग: किती आदेश झाले, कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) किती वेळा चुकली, हे मोजणारे काउंटर. दुसऱ्या उत्पादकाच्या कागदपत्रांत तोच संक्षेप वीजव्यवस्थापनाच्या भागाचा. रॉकचिपच्या आरके३३९९ या चिपच्या वर्णनात दोन्ही शेजारी नांदतात: कॉर्टेक्स-ए५३ आणि कॉर्टेक्स-ए७२ या प्रोसेसरांचे मोजणीवाले पीएमयू, आणि शिवाय चिपचा स्वतःचा वीजवाला पीएमयू. दस्तऐवजात नुसते 'पीएमयूचा क्लॉक चालू ठेवावा' असे वाक्य आले तर वाचणाऱ्याने कोणता चालू ठेवायचा? संक्षेप पहिल्यांदा येईल तिथे तो उलगडून सांगावा, आणि फाइलच्या शीर्षकात तर नक्कीच.

'एसपीआय' चे तसेच. बहुतेकांना तो चार तारांचा सिरीयल बस म्हणून माहीत असतो. आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये एसपीआय म्हणजे सर्व प्रोसेसरांना सामायिक असणारे बाह्य इंटरप्ट. त्यांचे क्रमांक जीआयसीत ३२ पासून १०१९ पर्यंत चालतात. १६ ते ३१ हे प्रत्येक प्रोसेसरचे खासगी, त्यांना पीपीआय म्हणतात. डिव्हाइस ट्रीमध्ये मात्र प्रत्येक प्रकार शून्यापासून मोजतात. जीआयसीच्या मोजणीतला ६१ तिथे एसपीआय २९ होतो, आणि ३० क्रमांकाचा टायमरचा खासगी इंटरप्ट पीपीआय १४ होतो. काही मॅन्युअलांच्या तक्त्यात ३२ आधीच वजा केलेले असतात, काहींत नसतात, आणि तक्त्याच्या डोक्यावर ते लिहिलेले असेलच असे नाही. ज्याचा क्रमांक पक्का ठाऊक आहे असा एखादा ब्लॉक त्याच तक्त्यात शोधून मोजणी ताडून पाहावी. चूक झाली तर लक्षण ठरलेले असते: ड्रायव्हर तक्रार न करता सुरू होतो, मग प्रत्येक काम वेळ संपून फसते, आणि कर्नेल आपली स्थिती दाखवतो त्या 'प्रॉक' खालच्या 'इंटरप्ट्स' फाइलमध्ये त्या ओळीचा आकडा शून्यावरून हलत नाही.

इंटरप्टचा प्रकार हाही वर्णनाचाच भाग. लेव्हलने (संकेताच्या पातळीने) काम करणाऱ्या ओळीला एज (पातळी बदलण्याचा क्षण) लिहिले तर एक इंटरप्ट हाताळत असताना आलेला दुसरा हरवू शकतो. यंत्र दिवसभर चालते आणि कधीतरी अडकते. ध्रुवता उलटी लिहिली तर ओळ कायम उठलेली दिसते आणि इंटरप्टचा पूर येतो. लिनक्स अशा वेळी १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की ती ओळ बंद करतो आणि 'कोणीच दखल घेतली नाही' अशा अर्थाचा संदेश छापतो. तो संदेश दिसला की ड्रायव्हर उघडण्याआधी वर्णनातला इंटरप्टचा प्रकार तपासावा. त्यातले आकडे असे: चढती एज १, उतरती एज २, उंच लेव्हल ४, खालची लेव्हल ८. फाइलमध्ये मात्र आकड्यांऐवजी त्यांची ठरलेली नावे लिहावीत, म्हणजे तपासणाऱ्याला डोळ्यांनी चूक दिसते.

पत्त्यांकडे वळतो. (हेक्स आकड्यांत १० ते १५ साठी येणारी अक्षरे इथे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत लिहिली आहेत.) बीसीएम२८३५ च्या मॅन्युअलमध्ये पीएल०११ जातीच्या यूएआर्टचा पत्ता हेक्स ७ई२०१००० दिला आहे. हा चिपच्या आतल्या बसचा पत्ता. प्रोसेसरला तोच ब्लॉक हेक्स २०२०१००० वर दिसतो. पुढच्या बीसीएम२८३६ मध्ये ३एफ२०१००० वर, आणि बीसीएम२७११ मध्ये एफई२०१००० वर. ब्लॉक तोच, मॅन्युअलमधला पत्ता तोच, प्रोसेसरच्या बाजूने तीन वेगळे पत्ते. डिव्हाइस ट्रीमध्ये नोड 'सिरीयल' आणि पुढे ७ई२०१००० अशा नावाने लिहितात आणि वरच्या बसच्या 'रेंजेस' गुणधर्मात हे भाषांतर एकदाच देतात. मॅन्युअलमध्ये शोधले की नोड सापडतो, नोडवरून मॅन्युअलचे पान सापडते. कोणी 'खरा' पत्ता म्हणून प्रोसेसरचा पत्ता नोडमध्ये घातला तर भाषांतर बिघडते आणि शोधही तुटतो. वर्णनात पत्ता लिहाल तिथे तो कोणाच्या नजरेतून आहे हे सांगा.

पत्त्याबरोबर लांबीही द्यावी लागते आणि तिथे हात सैल सुटतो. नेमकी लांबी शोधायचा कंटाळा येतो, मग गोल आकडा, हेक्स १०००, टाकला जातो. वरच्याच यूएआर्टची लांबी वर्णनात हेक्स २०० आहे. शेजारच्या ब्लॉकची जागा आपल्या लांबीत आली, तर दोघांपैकी जो ड्रायव्हर नंतर येतो त्याला ती जागा मिळत नाही आणि तो उणे १६ ही 'जागा व्यापलेली आहे' अशी एरर देऊन बाहेर पडतो. चूक एका ब्लॉकच्या वर्णनात असते, मोडतो मात्र दुसराच. 'प्रॉक' खालच्या 'आयओमेम' फाइलमध्ये कोणी कोणती जागा धरली आहे ते दिसते.

आय-टू-सी च्या पत्त्याची चूक इतकी जुनी आहे की ती प्रत्येक अभ्यासक्रमात यायला हवी. पत्ता ७ बिटांचा असतो, पण कित्येक डेटाशीटांमध्ये वाचन-लेखनाचा बिट उजवीकडे जोडून तो ८ बिटांचा छापतात. २४सी मालिकेतल्या ईईप्रॉमचा (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीचा) पत्ता डेटाशीटमध्ये लिहिण्यासाठी हेक्स ए० आणि वाचण्यासाठी ए१ असा दिसतो. कर्नेलसाठी तो ५०. डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपचा डी०, कर्नेलसाठी ६८. ए० किंवा डी० तसाच लिहिला तर निदान तो ७ बिटांत मावत नाही म्हणून लगेच उघडा पडतो. पण पीसीएफ८५७४ या चिपचा ८ बिटांचा पत्ता ४०, आणि ४० हा ७ बिटांतही वैध आकडा आहे. खरा पत्ता २०. कोणतेही तपासणीयंत्र इथे हरकत घेणार नाही. कर्नेल ४० वर हाक मारील, कोणी ओ देणार नाही, आणि उणे ६ किंवा उणे १२१ असा एरर क्रमांक दिसेल. दस्तऐवजात 'पत्ता' असे मोघम न लिहिता '७ बिटांचा पत्ता' असे लिहावे.

रजिस्टरांच्या वर्णनात एक गोष्ट सतत गाळली जाते: वाचल्याने किंवा लिहिल्याने काय बदलते. स्थिती रजिस्टरांमधले बिट अनेकदा '१ लिहिल्यावर पुसले जाणारे' असतात. हे लिहिलेले नसले की पुढचा माणूस नेहमीप्रमाणे रजिस्टर वाचतो, त्यात आपला बिट १ करतो आणि परत लिहितो. त्या लेखनात आधीपासून १ असलेले बाकीचे सगळे बिटही पुसले जातात आणि ज्या घटनांची दखल घ्यायची होती त्या नाहीशा होतात. काही रजिस्टरे नुसत्या वाचनाने पुसली जातात. तिथे तर डीबगरमधून डोकावणेही घटना खाऊन टाकते. राखीव बिटांबाबत 'शून्यच लिहा' आणि 'आहे तसे ठेवा' या दोन वेगळ्या सूचना आहेत. बिटांची मोजणी कुठून हेही सांगा: पॉवरपीसीच्या परंपरेत शून्यावा बिट सर्वांत वजनदार असतो, बाकी बहुतेकांत सर्वांत हलका. एककांसाठी तर गुणधर्माच्या नावातच प्रत्यय ठरलेले आहेत, हर्ट्झ, मायक्रोव्होल्ट, मिलिसेकंद, मायक्रोसेकंद, ३.३ व्होल्ट म्हणजे ३३००००० मायक्रोव्होल्ट.

बाइंडिंगमध्ये हार्डवेअरचे वर्णन असावे, ड्रायव्हरचे नव्हे. हे तत्त्व सगळे मान्य करतात आणि पहिल्याच मसुद्यात मोडतात. 'हा ड्रायव्हर अमुक मोड वापरतो' असे वाक्य आले की समजावे, वर्णन घसरले. तेच बाइंडिंग बूटलोडर (कर्नेल सुरू करून देणारा प्रोग्राम) वाचतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचते. त्यांना लिनक्सच्या ड्रायव्हरशी देणेघेणे नाही. ब्लॉकला दोन क्लॉक येत असतील आणि ड्रायव्हर आज एकच हाताळत असेल, तरी दोन्ही लिहावेत. इंटरप्टच्या तीन ओळी असतील तर तिन्ही. नंतर आवश्यक म्हणून भर घातली तर जुनी वर्णने अचानक अपुरी ठरतात. क्लॉकना नावे देताना ती ब्लॉकच्या बाजूने द्यावीत, म्हणजे ब्लॉकच्या त्या पायाला (जोडणीच्या टोकाला) काय म्हणतात ते. चिपमध्ये तो क्लॉक कुठून येतो ते नाव नको, कारण दुसऱ्या चिपमध्ये तोच पाय दुसऱ्या स्रोताला जोडलेला असेल. केवळ ड्रायव्हर जागा व्हावा म्हणून हार्डवेअरमध्ये नसलेला नोड तयार करणे हाही याच चुकीचा प्रकार.

आवृत्तीवरून नाव द्यावे की चिपवरून, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. आमचे मत असे: आवृत्ती हार्डवेअरमधूनच खात्रीने वाचता येत असेल किंवा ती कडकपणे पाळली जात असेल, तर आवृत्ती, नाहीतर चिप. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना ब्लॉक आणि त्यांच्या आवृत्त्या यांवर बेतलेली आहे, आणि तिथे ते योग्यच आहे. नव्या चिपांमध्ये कोणता ब्लॉक कोणत्या आवृत्तीचा आहे याचा तक्ताच ड्रायव्हरला वाचता येतो, आणि एकाच आवृत्तीचा डीएमए ब्लॉक वेगवेगळ्या चिपांत येतो. एफपीजीएमध्ये (आतली रचना नंतर ठरवता येते अशा चिपमध्ये) घालायच्या झायलिंक्सच्या ब्लॉकांच्या नावातही '१.००.ए' अशी आवृत्ती असते, कारण ती आवृत्ती निवडूनच ब्लॉक बसवलेला असतो. पण सर्वसाधारण चिपमध्ये 'आवृत्ती २' हा आकडा कोणत्या पानावर कोणी ठरवला हे सांगता येत नसेल, तर तो नावात घालणे म्हणजे अंदाजाला ओळखपत्र देणे आहे. 'नवा', 'सुधारित', 'नेक्स्ट' असे शब्दही नकोत. ग्राफिक्समधल्या 'व्हिडिओ कोअर नेक्स्ट' सारखे उत्पादकानेच दिलेले विशेषनाम अर्थातच तसेच ठेवावे, पुढे आवृत्तीचा आकडा जोडून.

आता मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांसाठी. नावाचे भाषांतर करू नये, वर्णनाचे जरूर करावे. 'क्लॉक' आणि 'रिअल टाइम क्लॉक' या दोन्हींना 'घड्याळ' म्हटले की मोठी गफलत होते: पहिला म्हणजे ब्लॉकला चालवणारा ठोक्यांचा संकेत, सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा वरखाली होणारा, दुसरे म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारा ब्लॉक. घड्याळ हा शब्द दुसऱ्यासाठी चपखल आहे, पहिल्यासाठी नाही. आपल्या भाषेची आणखी एक अडचण विभक्तीची. प्रत्यय नामाला चिकटतात, आणि ओळखनावाला प्रत्यय चिकटला की मूळ नाव कुठे संपते ते कळत नाही. शेवटचा 'ए' नावाचा की प्रत्ययाचा, असा प्रश्न १६५५०ए च्या बाबतीत खरोखर उभा राहतो. म्हणून प्रत्यय सामान्यनामाला लावावा: 'एनएस१६५५०ए या यूएआर्टला', 'बीसीएम२७११ या चिपमध्ये'. पाठ्यपुस्तकात किंवा टिपणात ओळखनाव मूळ रोमन अक्षरांत, वेगळ्या टंकात, एक अक्षरही न बदलता द्यावे, म्हणजे ते उचलून कर्नेलमध्ये शोधता येते. वर्तमानपत्रात देवनागरीत लिहिले तर चालते, कारण इथून कोणी ते उचलून फाइलीत टाकणार नाही.

बाइंडिंग लिहायला बसणाऱ्याने कामाचा क्रम असा ठेवावा. आधी मॅन्युअलची आवृत्ती आणि दोषपत्रक दोन्ही जवळ घ्यावीत. दोषपत्रकाशिवाय वर्णन अर्धेच राहते. मग कर्नेलमध्ये तोच ब्लॉक दुसऱ्या नावाने आधीच वर्णिलेला नाही ना ते पाहावे. रजिस्टरांचे ऑफसेट आणि रिसेटनंतरच्या किमती ताडून पाहिल्या की नात्यातले ब्लॉक लगेच ओळखू येतात. उत्पादकाचा संक्षेप ठरलेल्या यादीत नसेल तर तो आधी वेगळ्या पॅचने (मंजुरीसाठी पाठवायच्या बदलाने) घालावा. मग यामल फाइल: तिचे नाव कम्पॅटिबलवरून, शीर्षकात हार्डवेअरचे नाव, वर्णनात ब्लॉक काय करतो आणि कशाशी जोडलेला असतो, मग गुणधर्म, आवश्यक गुणधर्मांची यादी, इतर गुणधर्मांना मज्जाव आणि शेवटी एक उदाहरण. यामलमध्ये टॅब चालत नाही. रिकाम्या जागाच द्याव्यात. 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' चालवले की फाइल आणि त्यातले उदाहरण तपासले जाते. 'मेक डीटीबीएस_चेक' ने प्रत्यक्ष बोर्डांची वर्णने नव्या नियमांवर घासली जातात. बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी पाठवावा. तपासणी स्वच्छ आली म्हणजे रचना बरोबर आहे एवढेच कळते. ४० की २०, ६१ की २९, हे तिला कळत नाही.

महाविद्यालयांत हे शिकवायचे असेल तर एक प्रयोग सुचवतो. एका गटाला साध्या टायमर ब्लॉकच्या मॅन्युअलची आठ-दहा पाने द्यावीत. त्यात १ लिहिल्यावर पुसला जाणारा एक तरी बिट आणि दोन क्लॉक असावेत. त्या गटाने केवळ वर्णन लिहावे. दुसऱ्या गटाला मॅन्युअल न दाखवता ते वर्णन हाती देऊन ड्रायव्हर लिहायला सांगावे, आणि त्यांना पडलेला प्रत्येक प्रश्न कागदावर उतरवून पहिल्या गटाकडे परत पाठवावा. मूल्यमापन त्या कागदावरून करावे.

आपले,
कर्नेलच्या हार्डवेअर दस्तऐवजांवर काम करणारे काही वाचक